चौथा आकडा

"एका वेळी एकच," असं म्हणून काका तर्जनी वर करायचे. चहा घ्यायचा तरी आधी चष्मा काढून ठेवणार, मग कप उचलणार. तारखात्यातून निवृत्त होऊन ते आमच्या वर्तकनगरच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात आले, तेव्हा मी मनात म्हटलं, झालं, आता यांना शिकवत बसा! तुम्हीही असंच म्हटलं असतं.

नव्वदच्या दशकात डोंबिवलीच्या एका आजींचं काम आलं. अंगावरून वारं गेलेलं, आवाज खोलीबाहेर जात नसे, डाव्या हाताचं एक बोट तेवढं हलायचं. परदेशातल्या मुलाने घरात एक खोका बसवून दिला होता. उशाजवळची कळ दाबली की दिवा लागे, पंखा फिरे आणि शेजारणीकडे बेल वाजे. त्या बेलच्या भरवशावर सून नोकरीला जायची. आता नेमकी बेलची कळ जळाली होती, आणि खोका करणारी कंपनी कधीच बंद पडलेली.

"आज नाही जमलं तर उद्या राजीनामा देते," सून म्हणाली.

खोक्याची तार आम्ही कॉम्प्युटरला जोडली. कळ दाबली की तारेतून चार आकडे जात. काका ते कॅलेंडरच्या पानामागे लिहू लागले. दिव्याचे ५, ४, १, १०. पंख्याचे ५, ९, १, १५. दुसरा आकडा त्या त्या वस्तूचा, हे खोक्यावरच्या चिठ्ठीत होतं. बेलचा बारा. पण चौथा?

"खोलीचा नंबर," मी छातीठोकपणे सांगितलं. बेलसाठी आधी पंधरा पाठवला, मग दहा. दोन्ही वेळा लाल दिवा लागला. तिसऱ्या चुकीला खोका कायमचा बंद होईल, असं त्याच चिठ्ठीत छापलेलं.

काकांनी चष्मा पुसला आणि पानावरच्या एकेका आकड्यावर बोट ठेवत गेले.

"अरे, तारखात्यात संदेशाबरोबर आम्ही त्यात शब्द किती तेही कळवायचो. पलीकडचा मोजून बघायचा. पाच नि चार नऊ, नि एक दहा. खोलीबिली नाही रे, बेरीज आहे ही!"

"आणि नसली तर?"

"तर मी चुकलो."

पाच, बारा नि एक मिळून त्यांनी अठरा पाठवला. शेजारीण कणकेच्या हातांनी धावत आली. "काय झालं हो आजी?" आजींना रडू आवरेना. मीही तोंड फिरवलं.

नवी कळ उशाशी बसवून आम्ही निघालो, तेव्हा आजींनी काकांना विचारलं, "तुमच्याकडे बेल वाजवली की कोण येतं हो?"

"आमच्याकडे वाजवणाराही मीच, येणाराही मीच." सगळे हसले. मीही हसलो.

काका शहाडला एकटेच राहायचे. पुढे दोन वर्षांनी ते दोन दिवस दुकानात आले नाहीत. न सांगता दांडी मारली म्हणून मी चिडलो. तिसऱ्या दिवशी शेजाऱ्यांना घेऊन दार फोडलं. ते मोरीपाशी पडलेले होते. पहिल्या दिवशी बराच वेळ जीव असावा, असं डॉक्टर म्हणाले. भिंतीपलीकडे चार माणसांचं घर होतं.

त्यांच्याकडे एक बेल बसवायला मला अर्धा तासही लागला नसता.