न तपासलेली केबल

रुग्णालयात त्याला नावाने कोणी हाक मारत नाही. सफाई कामगारांपासून अधीक्षकांपर्यंत सगळे त्याला टेस्टर म्हणतात, कारण शर्टाच्या खिशात पेन असो नसो, टेस्टर असतोच. तो तिथला वायरमन. अठ्ठावीस वर्षांत त्याने एकच नियम पाळला: आधी टेस्टर, मग हात. दुसऱ्याने ओढलेल्या वायरच्या रंगावर तो विश्वास ठेवत नाही. मेन स्विच स्वतः पाडून आला, तरी बोर्ड उघडल्यावर पुन्हा तपासतो. हाताखालचे लोक हसतात. "चहासुद्धा टेस्टर लावून पितात," असं बायको म्हणते.

त्या शनिवारी सकाळी पावणेअकराच्या सुमारास, स्वतःच्या घरात, जेवणाच्या टेबलावर त्याने पहिल्यांदाच न तपासता हात घातला.

टेबलावर त्याच्या सतरा वर्षांच्या मुलीचा गेमिंग कॉम्प्युटर जुळत होता. घरातला जुना महिन्यापूर्वी बंद पडला. मदरबोर्ड गेला, हार्ड डिस्क तेवढी शाबूत राहिली. त्या डिस्कवर एक शहर होतं. मुलगी दहा वर्षांची असल्यापासून ती आणि तिचा दादा गेममध्ये चौकोनी ठोकळ्यांवर ठोकळे रचून ते बांधत होते. रस्ते, पूल, पाण्याची टाकी, एक रुग्णालयसुद्धा, आणि त्याच्या तळघरात टेस्टर लावलेला एक माणूस. दादा आता जहाजाच्या इंजिनखोलीत काम करतो. चार महिने समुद्रावर काढून दुसऱ्याच दिवशी, रविवारी, त्याचं जहाज बंदराला लागणार होतं आणि दुपारी चार वाजता दोघं त्या शहरात भेटणार होते. शहराची दुसरी प्रत नव्हती.

बजेट बापाच्या दोन पगारांएवढं. "त्यावर एक स्क्रूसुद्धा नाही," त्याने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. मग तीन आठवडे टेबलावर घासाघीस चालली. प्रोसेसर एक पिढी जुना घ्यायचा, यावर दोघांचं लगेच जमलं. दिवे लावलेला कॅबिनेट त्याने यादीतून उडवला.

"घरात दिवे कमी आहेत का?"

"बाबा, तो छान दिसतो."

"तू खेळणारेस की त्याला बघत बसणारेस?"

अडलं ते ग्राफिक्स कार्डापाशी. गेमची चित्रं पडद्यावर भराभर उमटवायचं काम हे कार्ड करतं, आणि अख्ख्या यादीत सगळ्यात महाग तेच. चांगलं कार्ड आणि बरं कार्ड यांच्या किमतीत जेवढा फरक होता, तेवढ्यात नवा पॉवर सप्लाय येत होता. पॉवर सप्लाय म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा. मुलीने यादीत लिहिलं होतं, 'पॉवर सप्लाय नवा. केबल त्याच्याच.' खाली दोन रेघा.

"यात काटकसर करायची नाही, बाबा. सगळीकडे हेच लिहिलंय."

"लिहिणाऱ्यांनी कधी पक्कड धरलीये का?"

त्याने कुणाचा तरी वापरलेला डबा अर्ध्या किमतीत मिळवला. रुग्णालयाच्या वर्कशॉपमध्ये दोन दिवस लोड देऊन चालवला, प्रत्येक व्होल्टेज मोजून वहीत लिहिलं. आकडे नव्यालाही लाजवतील असे आले. त्यामुळे चांगलं कार्ड बजेटमध्ये बसलं. एकच उणीव होती. या डब्याच्या बाकीच्या केबल आतूनच निघालेल्या, पण डिस्कची केबल सुटी असते आणि विकणाऱ्याने ती हरवली होती.

"केबलची मला काय कमी?" तो म्हणाला.

खरंच कमी नव्हती. पलंगाखालच्या दोन खोक्यांत त्याने आयुष्यात न फेकलेल्या केबल गुंडाळून ठेवल्या आहेत, प्रत्येकीवर त्याच्या हातची चिठ्ठी. जुन्या कॉम्प्युटरच्या केबलवर चिठ्ठी होती: 'डिस्क. चालू आहे.'

"ती याची नाहीये," मुलगी म्हणाली.

"बसतेय की."

बसली. टक् असा आवाज करत, अगदी घट्ट बसली. शहर नव्या मशिनवर उतरवून घ्यायला जुनी डिस्क त्याच केबलला जोडली आणि त्याने बटण दाबलं.

पंखा अर्धा फेरा फिरून थांबला. डिस्कमधून बारीकसा तड् आवाज आला. मग जळका वास. हा वास तो कुठेही ओळखतो.

स्वयंपाकघरातून ओल्या हातांनी बायको आली. "कुणाला लागलं?"

"नाही."

"मग असे काय बसलात दोघं?"

त्याने केबल काढली आणि आता, सगळं झाल्यावर, मीटर लावला. जिथे पाच व्होल्ट यायला हवे होते तिथे बारा येत होते. त्याने परत मोजलं. मीटरचे सेल बदलून तिसऱ्यांदा मोजलं. बाराच. बनावटीगणिक या केबलच्या आतल्या तारांचा क्रम बदलतो. प्लग मात्र सगळीकडे सारखाच बसतो. चिठ्ठी खोटी नव्हती. ती दुसऱ्या डब्याची होती.

मुलगी रडली नाही. तिने फक्त विचारलं, "तुम्ही तपासलं नव्हतं?"

दुसऱ्याच्या अक्षरावर त्याने कधी विश्वास ठेवला नव्हता. हे अक्षर त्याचं होतं.

डिस्क दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानात तो चप्पल बदलायचंही विसरून गेला. पायात घरातल्या सपाता. दुकानदाराने डिस्क नाकाशी धरली.

"बोर्ड उडालाय. आठ दिवस लागतील." त्याने सांगितलेली रक्कम ग्राफिक्स कार्डाएवढी होती.

"कार्ड परत करून पैसे देतो. पण उद्या हवीये."

"उद्या कसं जमेल? तुम्ही काय करता?"

"वायरमन आहे."

दुकानदाराने त्याच्याकडे, मग त्याच्या पायांकडे पाहिलं. "वायरमन असून?" मग जरा आवाज उतरवून म्हणाला, "इथे एक बारका डायोड असतो, बघा. फ्यूजसारखा. जास्त व्होल्टेज आलं की स्वतः जळतो आणि बाकीच्यांना वाचवतो. कधीकधी तेवढाच गेलेला असतो आणि सगळी वीज स्वतःकडे खेचत राहतो. काढून टाकला की डिस्क एकदा तरी फिरते. पण चुकून शेजारचं काही उखडलंत, तर माझ्याकडे परत आणू नका."

परत येताना त्याने चांगलं कार्ड दुकानात परत केलं, बरं कार्ड घेतलं आणि नवा पॉवर सप्लाय. केबल त्याच्याच.

घरी मीटर लावला तर डायोडवर सलग बीप वाजला. म्हणजे तोच जळून आरपार जोडला गेला होता. अतिदक्षता विभागात चालू यंत्रांच्या शेजारी सोल्डरिंग करणाऱ्या माणसापुढे आता तांदळाच्या कणीएवढा तुकडा होता. त्याने तापलेलं टोक दोनदा जवळ नेलं आणि दोनदा मागे घेतलं.

"मी धरते," मुलगी म्हणाली. तिने डिस्क दोन्ही हातांनी टेबलावर दाबून धरली. "हाच ना?"

"तू बघ. माझ्या सांगण्यावर जाऊ नकोस. चित्रात बघ, मग सांग."

तिने मोबाइलवर शोधलेल्या तशाच बोर्डाच्या चित्रात बघितलं, बोर्डावर बघितलं. "हाच."

तुकडा निघाला. मग त्याने सीलबंद खोक्यातून काढलेल्या कोऱ्या केबलची एकेक पिन मोजली. तो आकडे सांगत होता, ती लिहीत होती. पंधरा पिना. बायको दारात उभी राहून बघत होती.

बटण मुलीने दाबलं. डिस्क घरघरली आणि फिरायला लागली. शहर उतरवायला अडीच तास लागले. त्याने दोन प्रती काढायला लावल्या आणि एक तो स्वतःच्या कपाटात ठेवणार म्हणाला.

रविवारी चार वाजून सात मिनिटांनी शहरातल्या पुलावर दादा उभा राहिला. स्पीकरवर त्याचा आवाज तुटत येत होता.

"मशिन कसं आहे?"

"मस्त. कार्ड जरा खालचं आहे."

"का गं? चांगलं ठरलं होतं ना?"

"बाबांनी डिस्कला दुसऱ्या डब्याची केबल लावली. न तपासता."

पलीकडून काहीच आलं नाही. पुलावरचा दादाही हलला नाही. मुलीला वाटलं, लाइन गेली.

"हॅलो? दादा? शहर आहे सगळं, काही गेलं नाही."

"ते कळलं. न तपासता कोणी लावली?"

"बाबांनी."

"आपल्या?"

टेस्टर मागे पलंगावर बसला होता, त्याला सगळं ऐकू येत होतं. खिशाकडे गेलेला हात त्याने तसाच खाली आणला.

"हो," तो म्हणाला, "आपल्याच."