बशीवरची बदकं

माझ्या वडिलांना थट्टा केल्याशिवाय राहवत नसे. पार्ल्याच्या एका शाळेत त्यांनी आयुष्यभर संस्कृत शिकवलं, पण मुलांच्या लक्षात राहिली ती त्यांची टिंगलच. आम्हा दोघी बहिणींना त्याचं कौतुक होतं. आईला नव्हतं.

आमच्या इमारतीत पहिला रंगीत टीव्ही आला, त्या वर्षी ताईचं लग्न ठरलं. ती अंधेरीला शिक्षिका होती. तिच्या शाळेतून निवृत्त झालेल्या एका पारशी बाईंचा तिच्यावर फार जीव. लग्नाच्या आठवडाभर आधी त्या रिक्षानं आल्या, जुन्या साडीत गुंडाळलेली चिनी मातीची एक बशी ताईच्या हातात दिली, त्यांचे पणजोबा चीनला व्यापाराला जात तेव्हाची आहे एवढं सांगितलं, आणि चहाही न घेता गेल्या. ताटाएवढी मोठी बशी. त्यावर निळ्या रंगात कमळांचं तळं आणि तळ्यात बदकांची जोडी. नर मान वळवून मादीकडे बघत होता. ताई ती मांडीवर घेऊन कितीतरी वेळ बसली होती.

बाबांनी चष्मा वर करून बशी पाहिली. "बदकं कसली? हे चक्रवाक. दिवसभर एकत्र, आणि सूर्य मावळला की एक या काठाला, दुसरं त्या काठाला. रात्रभर नुसत्या हाका. लग्नात कुणी विरह देतं का? पण बरोबर आहे म्हणा, आपल्या जावईबापूंना रात्रपाळी असतेच!"

जावई घाटकोपरच्या कारखान्यात होते. आम्ही पोट धरधरून हसलो, ताईसुद्धा. आई मात्र पांढरी पडली. "शुभ बोला हो जरा. वास्तू तथास्तु म्हणत असते," ती म्हणाली आणि बशी उचलून माळ्यावर टाकली. ताईनं दोनदा मागितली. आईनं दिली नाही. मीही आईचीच री ओढली. ताई बशी न घेता सासरी गेली.

चौथ्या वर्षी जावयांना कावीळ झाली. नाकासमोर चालणारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात असा माणूस, बारा दिवसांत गेला. ताई परत पार्ल्याला आली. स्वयंपाकघरात मला एकटीला गाठून आई म्हणाली, "बशी दिली नाही, तरी शब्द लागलाच." बाबा दारातच उभे होते. त्यांनी ऐकलं.

त्यानंतर बाबांचं बोलणंच आटलं. पत्रिका आणि मुहूर्त यांची जन्मभर टर उडवणारा माणूस, पण हे त्यांच्या मनातून जाईना. जेवताना मीठ हवं असलं तरी नुसता हात पुढे करायचे. मला त्यांचा राग यायचा आणि त्यांच्याकडे बघवतही नसे.

काही महिन्यांनी पारशी बाई भेटायला आल्या. ताईचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "ती बशी हाय ना, डीकरी? जपून ठेव. ही जोडी कधी सुटी नाय होत. साथ जगते, साथ मरते. आमच्या घरात नवरीला तेच देतात." मग त्या सांगत गेल्या: त्यांच्या कपाटातल्या चिनी भांड्यांवर सारस होते, ते दीर्घायुष्याचे. मासे भरल्या घराचे. वटवाघळंसुद्धा भाग्याची. आमच्याकडे वटवाघूळ घरात शिरलं तर आई देवापुढे दिवा लावते. चित्राचा अर्थ सांगण्याआधी ते कुठल्या देशाचं आहे हे विचारावं, एवढी साधी गोष्ट आमच्या विद्वान घरात कुणाला सुचली नव्हती. बाबा खुर्चीत मान खाली घालून ऐकत होते. बशी माळ्यावर आहे हे आम्ही बाईंना सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई डबा भरत होती. बाबा तिच्यासमोर येऊन उभे राहिले. त्यांनी कधी कुणाची माफी मागितलेली मी पाहिली नव्हती. "मी बोलायला नको होतं गं," ते म्हणाले.

ताईनं डब्याचं झाकण लावलं. "बाबा, कावीळ कावीळ असते. बशीनं काय होतंय? तुम्हीच शिकवलंत ना आम्हाला असलं काही मानायचं नाही म्हणून? मग?" तिनं त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. बाबा लहान मुलासारखे रडले आणि मग कितीतरी महिन्यांनी पोटभर जेवले.

त्या संध्याकाळी आम्ही दोघी गच्चीवर वाळलेले कपडे काढत होतो. मी म्हटलं, "बरं झालं ताई, बोललीस ते. तू मानत नाहीस म्हणून बरं."

ती चादरीची घडी घालत होती. "रोज वाटतं गं," ती म्हणाली. "रोज. नेली असती तर ते राहिले असते. बाबांना सांगशील तर बघ."

मी सांगितलं नाही. बाबा आणखी सहा वर्षं जगले. हळूहळू त्यांची थट्टा परत सुरू झाली, टीव्हीवरच्या माणसांची, शेजाऱ्यांची, आईच्या उपासांची. आणि सगळ्यांच्या आधी, सगळ्यांत मोठ्यानं ताई हसायची.