जास्वंदीवरचं पांढरं

नूरुन्निसाआपांच्या अंगणात भिंतीलगत जास्वंदीची रांग होती. त्यांच्या शोहरनी, रहीमचाचांनी लावलेली. चाचांची उमेदीची सगळी वर्षं कुवेतमध्ये गेली. पनवेलला कायमचे परतले ते दुखरे गुडघे आणि झाडांचं वेड घेऊन. ते गेल्यावर आपा रोज सकाळी चहाचा कप घेऊन ओट्यावर बसायच्या, जास्वंदीकडे तोंड करून. भिंतीपलीकडच्या आशालता देवासाठी फुलं न्यायला यायच्या, मग दोघींच्या गप्पा रंगायच्या.

यंदा थंडी अशी पडलीच नाही. फेब्रुवारीतच अंगण तापायला लागलं आणि जास्वंदीच्या शेंड्यांवर कापसासारखं पांढरं काही दिसू लागलं. पानं आवळली, कळ्या उमलायच्या आतच गळू लागल्या. आपांनी साबणाचं पाणी मारलं. पांढरं गेलं आणि काही दिवसांत परत आलं.

आशालतांनी पलीकडे भेंडी लावली होती. तिच्यावरही तेच. आपांचा धीर सुटला.

"आशाताई, ही कीड तुमच्या भेंडीवरून येतेय. आमच्या ह्यांच्या हातची झाडं मरतायत."

"मंग आमी काय मुद्दाम सोडली का?"

"तसं कुठे म्हटलं मी?"

"म्हटल्यासारखंच हाय, आपा."

त्याच दुपारी आशालतांनी लागती भेंडी मुळासकट उपटून टाकली. फुलं न्यायला येणंही बंद केलं.

भेंडी गेली, कीड मात्र हटेना. सून रिदा म्हणाली, "अम्मी, सगळी काढून टाकू या. दुसरं काही लावू." आपांनी एक रोगट फांदी पिशवीत बांधली आणि नर्सरीवाल्या महादेवकडे गेल्या.

"पिठ्या ढेकूण," महादेव म्हणाला. "कोरडी, गरम हवा याला मानवते. जोराचा पाऊस लागला की बराचसा धुऊन जातो. झाडावर मुंग्या आहेत?"

"रांगाच लागल्यात."

"याच्या अंगातून गोड चिकटा निघतो, म्हणून मुंग्या याला सांभाळतात. झाडाझाडांवर नेऊन सोडतात. त्या कुठून येतात ते बघा. जवळपास पडीक जागा आहे का?"

होती. घरांच्या मागची जुनी चाळ पाडून प्लॉट तसाच सोडून दिलेला. आपा मुंग्यांच्या मागोमाग तिथे पोचल्या. छातीइतकी पेटारी माजलेली. जास्वंद आणि भेंडीच्याच कुळातलं हे रान. पिवळ्या फुलांखाली खोडं पांढरीफटक. मुंग्यांची एक रांग आपांच्या भिंतीकडे जात होती, दुसरी आशालतांच्या रिकाम्या वाफ्याकडे.

आपा बराच वेळ उन्हात उभ्या राहिल्या. मग तशाच आशालतांच्या दारात गेल्या.

"आशाताई, तुमच्या भेंडीचा कसूर नव्हता. मागच्या प्लॉटमधून येतंय सगळं. मी उगाच बोलले. माफ करा."

आशालता तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "चांगली लागली होती, आपा."

"ठाऊक आहे मला."

मग आशालतांनी सूप बाजूला ठेवलं. "कोयता हाय का तुमच्याकडं?"

तोंडाला ओढण्या बांधून दोघींनी पेटारी कापली, गोण्यांत भरून तिथेच जाळली. एवढ्यानं भागणार नव्हतं. जास्वंदही गुडघ्यापर्यंत छाटायला हवी होती. पहिली फांदी आपांनी स्वतः कापली आणि तिथेच खाली बसून रडल्या. आशालता कापलेल्या फांद्या गोळा करत राहिल्या.

पावसाळ्यात बहुतेक खोडांना तांबूस कोंब फुटले. कोपऱ्यातली दोन झाडं मात्र गेलीच. गणपतीत फुलं बेताचीच मिळाली. निम्मी आशालतांनी बाजारातून आणली.

प्लॉटवर पेटारी पुन्हा उगवतेच. आता दर रविवारी दोघी मागे जातात आणि रोपं कोवळी आहेत तोवर उपटून काढतात. कोणी जास्त उपटली यावरून त्यांचं थोडं भांडणही होतं.