झिजलेला घोडेस्वार

रविवारी संध्याकाळी मंगलवहिनीचा फोन आला. "सुधाताई, हे गेले," एवढंच ती म्हणाली. फोन तिने बंद केला नाही, त्यामुळे मागून मावशीचा आवाज ऐकू येत राहिला, "कुणाला सांगतीस गं? इलास उठला का न्हाई अजून?" ... विलासदादा, माझा मावसभाऊ, सावेडीतला दातांचा डॉक्टर. राहत्या बंगल्याच्या खालच्या मजल्यावर त्याचा दवाखाना आणि मागे स्वयंपाकघर, वर मावशीची खोली आणि देव्हारा. त्या दिवशी दवाखाना बंद होता. दुपारी जरा पडतो म्हणून तो खाली गेला आणि पेशंटच्या खुर्चीवरच आडवा झाला. साखर एकदम खाली गेली, हृदय आधीच थकलेलं होतं, असं नंतर आलेले डॉक्टर म्हणाले. दोन दिवसांत चौकात श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागला. 'इतिहासाचा धगधगता उपासक' असं त्यावर लिहिलं होतं आणि दादाच्या खांद्यामागून एक सिंह डोकावत होता. दादाला कुत्र्यांचीसुद्धा भीती वाटायची.

त्याला जुन्या शस्त्रांचा नाद होता. हा नाद नेमका कधी लागला ते मला सांगता येणार नाही, पण दवाखान्याच्या भिंतीवर पहिली कट्यार लागली तेव्हा मी चेष्टा केल्याचं आठवतं. पुढे ढाली आल्या, तलवारी आल्या, एक दांडपट्टा आला. दाढ दुखते म्हणून आलेली माणसं बाकावर बसून भिंतीकडे बघायची आणि "आता जरा उतार वाटतोय, उद्या येतो" म्हणून निघून जायची. मंगलवहिनी म्हणे, "दवाखाना म्हणायचा की लष्करी ठाणं?" दादा हसून सोडून द्यायचा. लिलावांच्या चकचकीत याद्या तो कादंबऱ्या वाचाव्यात तशा वाचायचा, आणि एकेका वस्तूमागची गोष्ट अशी रंगवून सांगायचा की समोरच्याला घोड्यांच्या टापा ऐकू याव्यात. त्या गोष्टींतलं खरं किती, असं मी विचारलं तर म्हणायचा, "सुधे, लिलावात वस्तू निम्मी विकली जाते, उरलेली निम्मी गोष्टच असते." संग्राहकांच्या त्या जगात त्याच्या शब्दाला फार वजन होतं. फेटे बांधून लिलावाला येणारे लोक तो कशावर हात वर करतो ते बघत बसायचे. ह्या मानाचं त्याला सुख होतं, आणि त्याच मानानं त्याचा घात केला. त्याचीच हकिगत इथे सांगते आहे.

मावशीचं सासर पारनेर तालुक्यातलं. शेतीवाडीचं घर, कुलदैवत खंडोबा. देव्हाऱ्यात इतर देवांच्या टाकांबरोबर एक चांदीचा गोल टाक होता, इतरांपेक्षा मोठा आणि जड. मुळात तो टाक नव्हताच. पहिल्या महायुद्धात दादाचे पणजोबा बसऱ्याकडे लढायला गेले होते, त्यांना सरकारने दिलेलं ते पदक. त्याच्या एका बाजूला इंग्लंडचा राजा, दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसलेला, हातात तलवार घेतलेला पुरुष, घोड्याच्या टापेखाली कवटी आणि वर सूर्य. पणजोबा परतले, त्यांनी ते घरात ठेवलं, आणि घरातल्या बायकांनी बघितलं की घोडा आहे, तलवार आहे, पायाखाली दैत्याचं मुंडकं आहे. आणखी काय पुरावा हवा? पदक देव्हाऱ्यात बसलं. दर रविवारी न्हाऊ लागलं, त्याला भंडारा लागू लागला, कोरठणच्या खंडोबाला नेऊन भेटवून आणलं जाऊ लागलं. इंग्लंडचा राजा तीन पिढ्या आमच्या मावशीच्या देव्हाऱ्यात पालथा पडून होता, आणि ज्यांच्या राज्यावर सूर्य मावळत नव्हता त्यांना याची काहीच कल्पना नव्हती. अंगठ्यांनी चोळून चोळून घोडेस्वार इतका झिजला की शेवटी तिथे एक मऊ उंचवटा तेवढा राहिला. ते पदक आहे हे दादाला ठाऊक होतं. त्याच्या कडेवर पणजोबांचा नंबर आणि नाव इंग्रजीत कोरलेलं होतं.

एक दिवस त्याला एका व्यापाऱ्याकडे निजामशाहीच्या काळातली म्हणून एक तलवार दिसली, पात्यावर सोन्याची अक्षरं असलेली. दादाने त्याच्याकडच्या दोन कट्यारी आणि देव्हाऱ्यातलं ते पदक देऊन ती घेतली. मावशीला काचबिंदूने दिसेनासं झालं होतं. तिच्यासाठी त्याने सोनाराकडून तेवढ्याच आकाराचा, तेवढ्याच वजनाचा, म्हाळसेसकट खंडोबाचा सुरेख टाक करून घेतला आणि त्या जागी ठेवला. यात त्याला काही वावगं वाटलं नाही. देव मानत नव्हता तो. चांदीच्या जागी चांदी ठेवली, असा त्याचा सरळ हिशेब.

रविवारी मावशी देव न्हाऊ घालायला बसली, आणि नव्या टाकावर अंगठा फिरवून थांबली. मी तेव्हा तिथेच होते.

"ह्यो कोन आनून बसवलाय?"

"खंडोबाच आहे, आई," दादा म्हणाला.

"ह्याला घोडा हाय."

"मग? खंडोबाला घोडा असतोच की."

"आपल्या देवाचा घोडा झिजून गेलाय, इलास. आपला देव कुटंय?"

खोटं बोलणं त्याला जमत असे, पण ते फक्त तलवारींच्या बाबतीत. त्याने सांगून टाकलं. मावशीने सगळं ऐकून घेतलं.

"तलवार कापती का काय?"

"नाही गं, जुनी आहे."

"मंग आपला देव काय वाईट हुता? त्यो बी कापत नव्हता कुनाला."

आम्ही हसलो. ती हसली नाही. देव घरी येईपर्यंत ऐतवारी अन्न घेणार नाही, असं तिने शांतपणे सांगितलं, आणि त्या दिवशी पाण्याशिवाय काही घेतलं नाही. नव्वदीच्या आसपासची, मुठीएवढी झालेली बाई. आम्हाला वाटलं पुढच्या रविवारी विसरेल. वार कानावर पडूच नये म्हणून वहिनीने रेडिओ बंद ठेवला, शनिवारीच 'आज सोमवार' असंही सांगून पाहिलं. पण शेजारच्या शाळेची घंटा वाजली नाही की मावशीला रविवार कळायचा.

दादा व्यापाऱ्याकडे गेला. पदक व्यापाऱ्याने केव्हाच पुढे विकलं होतं, कुणाला ते त्याला आठवत नव्हतं. त्यात ती तलवार एका लिलावासाठी पाठवली तर तिथल्या जाणकाराने परत केली. पातं अलीकडचं, गंज तेजाबाने आणलेला, असं त्याचं म्हणणं. खोट्या तलवारीपायी खरा देव गेला, हे वाक्य दादा स्वतःच म्हणाला. त्यानंतर तो फक्त पदकांच्या लिलावाला जाऊ लागला. मुंबई, पुणे, हैदराबाद, आणि फोनवरून कुठे कुठे. फोटोत पदकाची कड दिसली नाही तर ती दाखवा म्हणून विनवण्या करायचा. दर सोमवारी मावशीची नाडी बघताना त्याचा चेहरा बघवायचा नाही. ती उतरत चालली होती. उठताना भिंत धरायला लागली, मग बोलताना मध्येच दम लागू लागला. "आई, माझ्यासाठी खा," असं तो म्हणायचा. "तुज्यासाटीच धरलाय," असं ती म्हणायची. वाद तिथेच संपायचा.

दीड-दोन वर्षांनी पुण्याच्या एका लिलावाच्या यादीत ते सापडलं. 'अतिशय झिजलेले, एका बाजूचा ठसा जवळपास नष्ट.' कडेवर पणजोबांचं नाव. दादा यादी घेऊन तडक माझ्याकडे आला. वहिनी त्याला एकट्याला सोडायला तयार नव्हती, म्हणून मी बरोबर गेले. जाताना गाडीत मी त्याला म्हटलं, "तू बाहेर बस. तुला सगळे ओळखतात. बोली मी लावते, असल्या झिजक्या पदकाला कोण विचारतंय?" साधी, शहाणपणाची गोष्ट होती. तो म्हणाला, "नाही सुधे. माझ्या हातानं घालवलंय, ते माझ्याच हातानं घरी न्यायचं." आयुष्यभर ज्याने नवस-सायासांची टिंगल केली तो माणूस हे बोलला.

हॉटेलच्या गार गार हॉलमध्ये ते पदक पुकारलं गेलं. पुकारणाऱ्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत दादाने हात वर केला. जरा थांबला असता तरी... पण तो उभाच राहिला होता. हॉलमध्ये कुजबुज झाली. पलीकडच्या रांगेत शेवगावचे एक ठेकेदार बसले होते. ह्या गृहस्थांच्या पोर्चमध्ये तोफ आहे, आणि ती फायबरची आहे हे फक्त त्यांच्या पाहुण्यांना माहीत नाही. त्यांनी दादाकडे बघितलं, यादीतल्या ओळीकडे बघितलं आणि हात वर केला. डॉक्टर ज्याच्यासाठी उभे राहतात त्यात काहीतरी असलंच पाहिजे, एवढं त्यांना पुरे होतं. मग आणखी दोघे त्यात पडले. बोली कुठवर गेली तो आकडा मी लिहीत नाही, नाहीतर वाचकांच्या लक्षात पदक न राहता आकडाच राहील. दादाने दोन चांगल्या तलवारी विकून आणलं होतं ते मागे पडलं, मग जे त्याच्याजवळ नव्हतं तेही मागे पडलं. त्याचा हात खाली आला तेव्हा मी त्याच्याकडे बघायचं टाळलं.

चहाच्या वेळी तो पदक जिंकलेल्या ठेकेदारांकडे गेला आणि त्याने त्यांना सगळं सांगितलं. आई, देव्हारा, उपास, अंगठा. काही म्हणजे काही रंगवलं नाही. मी त्याला इतकं साधं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. ठेकेदार मन लावून ऐकत होते. मग त्यांनी दादाच्या पाठीवर थाप मारली. "डॉक्टर, लई भारी. मानलं तुमाला. आवो, पन आमी तुमच्याकडंच शिकलो की. गोष्ट जितकी चांगली, तितका माल मोलाचा, व्हय का न्हाई?"

परतताना सुप्याजवळ चहाला थांबलो. मी त्याच्यासाठी भजी मागवली. सकाळपासून त्याने काही घेतलेलं नव्हतं आणि इन्शुलिन तर चालू होतं. त्याने बशी माझ्याकडे सरकवली. "आज रविवार आहे," तो म्हणाला. तेव्हा मला कळलं. पहिल्या रविवारपासून तोही उपाशी राहत होता. पेशंट आहेत, बाहेर खाल्लं, पोट जड आहे, असं काहीबाही सांगून वहिनीलाही फसवत होता. मी टपरीवर, लोकांसमोर त्याला वाट्टेल ते बोलले. तू डॉक्टर आहेस का कोण आहेस, मरायचंय का, सगळं. तो म्हणाला, "ती नव्वदीची बाई वर उपाशी बसते, आणि मी खाली बसून जेवू? घास उतरत नाही गं." मग म्हणाला, "आईला कळू देऊ नकोस." मी वहिनीला सांगितलं. वहिनी रडली, भांडली, रविवारी त्याच्या खिशात बळेच बिस्किटं कोंबू लागली. तो गेला त्या दिवशी पुडा खिशातच होता.

दिवस झाल्यावर मी शेवगावला गेले. ठेकेदारांनी माझं फार अदबीने स्वागत केलं. पदक दिवाणखान्यात मखमलीवर, काचेच्या चौकटीत होतं, आणि खाली पितळी पट्टीवर 'डॉक्टरसाहेबांची अखेरची बोली' असं कोरलं होतं. त्याच्या खाचांत भंडाऱ्याची हळद बसलेली असायची, ती दिसेना. "लई मळ हुता ताई, पार स्वच्छ करून घेतलं," ते म्हणाले. मी मागितलं, हात जोडून मागितलं. त्यांचे डोळे खरंच भरून आले. "आता तर देताच येत न्हाई बघा. डॉक्टरांची आठवन हाय ती." त्यांच्याविषयी राग बाळगावा असं पुष्कळ वाटतं, पण या वाक्यात लबाडी नव्हती, आणि लबाडी नसलेल्या माणसाशी भांडता येत नाही.

मावशीला मी जाऊन आल्याचं सांगितलं. तिने देवाबद्दल एक शब्दही विचारला नाही. म्हणाली, "इलासचा टाक करा." आमच्याकडे घरातलं माणूस अवेळी गेलं तर त्याचा टाक करून देव्हाऱ्यात ठेवतात. सोनाराकडे पुरुषांसाठी एकच ठसा असतो, घोड्यावर बसलेला, मिशा पिळलेला, तलवार उगारलेला वीर. स्कूटरपलीकडे कशावर न बसलेला, देव न मानणारा आमचा दादा असा चांदीचा होऊन देव्हाऱ्यात बसला.

परवाच्या रविवारी मी तिथे होते. मावशी सकाळीच देव्हाऱ्यापुढे येऊन बसली आणि तिने ताट मागितलं. वहिनी माझ्याकडे बघत राहिली. ताट आलं, भाकरी, वांग्याचं भरीत. मावशीने चाचपडत भाकरी मोडली.

"मावशे, उपास?" मी विचारलं.

"मला ठाव हुतं गं," ती म्हणाली. "ऐतवारी खालनं त्याच्या ताटाचा आवाज येत नव्हता. डोळं गेल्यात माजं, कान न्हाई गेलं."

"मग सोडला का नाहीस?"

"त्यो आदी सोडंल म्हनलं... भुकेला कच्चा हुता त्यो, लहान हुता तवापासनं. म्हनलं, कवर दम काढंल? त्यानं चार घास खाल्लं असतं, की मी बी बसनार हुते." ती थांबली. "त्यानं बी माजीच वाट बघितली आसंल, न्हाई का?"

तिने घास तोंडात घातला आणि सावकाश, मोठ्याने चावला, पलीकडच्या माणसाला ऐकू जावं इतक्या मोठ्याने. मग हाताने टाकांवरून चाचपत त्या नव्या टाकापाशी आली आणि ताट त्याच्यापुढे सरकवलं.

"खाल्लं बघ मी. आता तू खा."

आणि ती कान देऊन बसून राहिली.