तोफ नसलेली गाडी

"मॅडम, हालू नका. पाय बी उचलू नका. चाक पडलं."

साकोलीला बदली होऊन आले आणि भाड्याची खोली बघायला कापगतेकाकांच्या घरी गेले, तेव्हा झालेलं हे माझं स्वागत. छपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, वर्तमानपत्र पसरलेलं, आणि सत्तरी उलटलेले एक गृहस्थ कपाळावर भिंगाचा चष्मा चढवून फरशीवर रांगत होते. बॅग हातात घेऊन मी पाच मिनिटं जागची हलले नाही. शेवटी मुगाच्या दाण्याएवढं ते प्लॅस्टिकचं चाक माझ्या साडीच्या निऱ्यांत सापडलं. "लक्ष्मी चाक घेऊनच आली," म्हणत त्यांनी ते चिमट्याने उचललं आणि पुढचं काही न विचारता खोलीची किल्ली माझ्या हातात ठेवली.

काका फौजेतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले. आता त्यांचा उद्योग एकच, लढाईतल्या गाड्यांची प्लॅस्टिकची मॉडेलं जोडणं. कुरियरने खोकी येत. त्यांत चौकटींना लटकलेले शे-दोनशे सुटे भाग. काका ते नेलकटरने कापत, पॉलिश पेपरने घासत, जोडत, रंगवत. टीव्हीजवळ रणगाडे, फ्रिजवर रणगाडे, देवघराच्या कडेलाही एक. त्याची तोफ नेमकी गणपतीवर रोखलेली होती. मी दाखवून दिल्यावर काकांनी जीभ चावली आणि तिचं तोंड खिडकीकडे फिरवलं.

त्यांच्यासारखा काटेकोर माणूस मी पाहिला नाही. एक नट चुकीच्या जागी चिकटला म्हणून तयार झालेला रणगाडा त्यांनी पुन्हा खोलला, आणि तो दुरुस्त होईपर्यंत जेवले नाहीत. मी म्हटलं, "काका, एवढं बारीक कोण बघतंय?" तर म्हणाले, "पाहणारा नाही पाहत बाई, पण आपल्याले तं मालूम रायते."

शिवाय नवी कोरी, चकाकणारी गाडी त्यांना चालत नसे. सानगडीला त्यांची शेती होती. तिथल्या धानाच्या बांधीतला, म्हणजे भातखाचरातला, चिखल आणून ते वाळवत, चहाच्या गाळणीने गाळत आणि गोंदात कालवून चाकांना लावत. "जे चिखलात फसली नाही, ते गाडीच नोहोय." त्या गाळणीवरून घरात भांडण ठरलेलं. सुमनकाकू म्हणत, "तुमच्या लढाईनं माह्या चहात माती आली."

काकूंची नजर काचबिंदूने गेली होती. मॉडेल पूर्ण झालं की काका ते त्यांच्या मांडीवर ठेवत. काकूंची बोटं पट्ट्यांवरून, झाकणावरून फिरत तोफेच्या टोकाशी येऊन थांबत. मग त्या अभिमानाने विचारत, "अजी, तुमी असल्यातच बसत होते नं?" काका "हव" म्हणत आणि लगेच ब्रश धुवायला उठत.

या "हव"चा अर्थ मला दोन वर्षांनी कळला. मी त्यांना खोक्यातल्या कागदावरचे बारीक आकडे वाचून दाखवत होते. त्यांचा हात आताशा थरथरू लागला होता. एक भाग तिसऱ्यांदा गळून पडला, तसा त्यांनी चिमटा खाली ठेवला.

"बाई, मी कधी रणगाड्यात बसलोच नाही."

एकाहत्तरच्या लढाईत ते रसदीचा ट्रक चालवत होते. पीठ, डाळ, कांदे. सुट्टीवर आल्यावर सानगडीत सत्कार झाला आणि कुणीतरी भाषणात ठोकून दिलं की आपल्या गावच्या पोरानं रणगाडा चालवला. टाळ्या पडल्या. बायकांच्या घोळक्यात नवी नवरी, म्हणजे काकू, बसल्या होत्या. "तिचं तोंड असं फुललं होतं, का मले नाही म्हणताच नाही आलं. आज सांगू, उद्या सांगू, पन्नास वर्षं झाली. आता हात जाऊन राहिले. हात गेले तं कशानं सांगू?"

"तोंडाने सांगा," मी जरा चिडूनच म्हणाले. एका नटासाठी जेवण सोडणारा माणूस बायकोपासून एवढी मोठी गोष्ट लपवून बसला, याचा मला रागच आला होता.

"तोंडानं नाही होत बाई."

त्यांच्या त्या जुन्या ट्रकचं खोकं कुठेच मिळेना. काकांनी दुसऱ्याच एका ट्रकचं मागवलं आणि उरल्यासुरल्या भागांतून स्वतःची गाडी घडवायला घेतली. चार महिने लागले. मी भाग धरायचे, ते श्वास रोखून गोंद लावायचे. मागच्या हौद्यासाठी मी जुन्या परकराच्या कापडाची इवलीशी पोती शिवली आणि त्यांत तांदळाची कणी भरली. चिखल मात्र त्यांनी मला लावू दिला नाही.

ट्रक काकूंच्या मांडीवर ठेवला, तेव्हा काका समोर बसलेच नाहीत, दाराची चौकट धरून उभे राहिले. काकूंची बोटं चाकांवरून गेली, पोत्यांवरून फिरली, बॉनेटवर आली आणि काहीतरी शोधत राहिली.

"तोफ कुठी हाय?"

"तोफ नाही. हेच माही गाडी होती, सुमन. मी पीठ पोचवत होतो. रणगाडा नाही चालवला."

काकूंचं नाव घेताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं. एक पोतं चिमटीत धरून काकूंनी दाबून पाहिलं.

"धान रोवाच्या दिवसांत बांधीवर वीस बायायची शिदोरी कोण नेत होतं?"

"तू."

"मी तं एक बी रोप नाही लावलं. मंग माहा रोवणा झाला का नाही झाला?"

काका दारातच खाली बसले आणि रडले. माझेही डोळे भरून आले. काकूंनी मात्र बजावलंच, "पण इतके वर्षं काहून नाही सांगतलं, त्याचं भांडण बाकी हाय."

त्या भांडणाला सहाच महिने मिळाले. काका थंडीत गेले, दुपारचा चहा पिता पिता. तेरवी सानगडीला झाली. श्रद्धांजलीला उभ्या राहिलेल्या एका पुढाऱ्याने तेच जुनं भाषण सुरू केलं, "लढाईत रणगाडा चालवणारा आपल्या गावचा वीर..." मी काकूंचा हात धरून पुढेच बसले होते. त्यांनी हात सोडवून घेतला आणि उभ्या राहिल्या. पदराखालून ट्रक काढला आणि दोन्ही हातांनी डोक्याच्या वर धरला. चाकांवरचा वाळका चिखल त्यांच्या खांद्यावर पडला.

"रणगाडा नाही, भाऊ. ट्रक. रणगाड्यातल्या पोरायले जेवू घालत होते ते. बराबर सांगा. त्यायले चुकलेलं चालत नव्हतं."