वीस वर्षांतली एकमेव

टाइपकाकांचं खरं नाव त्यांच्या बायकोलाही आठवावं लागत असेल. हॉस्पिटलच्या ऑफिसात पंचवीस वर्षं मोठ्या डॉक्टरांची पत्रं टाइप केली, तेवढ्या भांडवलावर हा माणूस गल्लीतून असा ताठ चालायचा, की ऑपरेशनंही हेच करतात असं वाटावं.

ताठ्याला कारणही होतं म्हणा. कोणाच्या पोराला डॉक्टर व्हायचं असो की नर्स, कॉलेजच्या अर्जासोबत शिफारसपत्र लागतं. ते मोठ्या डॉक्टरांचं असलं की बरं, आणि डॉक्टरांकडे जायची वाट काकांच्या टेबलावरून. काकांनी कॉम्प्युटरमध्ये एकच पत्र करून ठेवलं होतं: ‘गेल्या वीस वर्षांत इतकी गुणी व्यक्ती माझ्या पाहण्यात नाही.’ नाव बदलायचं, छापायचं. डॉक्टर न वाचता सही ठोकायचे. असे वीस वर्षांतले एकमेव दरवर्षी सात-आठ निघत.

यंदा काकांच्या भाचीला फिजिओथेरपीला जायचं होतं. सहा वर्षांपूर्वी बाप गेल्यापासून मायलेकी काकांकडेच राहायच्या. दोन वर्षं दर रविवारी पोरगी त्याच हॉस्पिटलात, पेशंटांच्या व्यायामाच्या खोलीत मदतीला जात होती. पत्र तिथल्या सिस्टरांकडून घ्यावं, असं तिच्या मनात. काका हसले. विहीर दारात असताना घागर घेऊन नदीवर कशाला जातेस, म्हणाले. तिचंही पत्र त्याच साच्यातून निघालं.

महिन्याभरात कॉलेजची मेल आली. डॉक्टरांची मेल काकाच उघडायचे, म्हणून पहिली थोबाडीत त्यांनाच बसली. तीन अर्जदारांची पत्रं शब्दन् शब्द सारखी आहेत. काम प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसाचं पत्र दोन दिवसांत द्या, नाहीतर अर्ज बाद.

काकांनी भाचीला घरी सांगितलं, तेही चप्पल काढता काढता, खाली मान घालून. तिने आदळआपट केली नाही. एवढंच विचारलं, "मामा, त्यात माझ्याबद्दलचं एक तरी वाक्य होतं का रे?"

आता लिहितो, म्हणून काका कागद घेऊन बसले. ‘कष्टाळू’ लिहिलं. मग ‘मनमिळाऊ’. पुढे पेन हलेना. सहा वर्षं एका पंगतीला जेवलेली पोरगी, पण ती रविवारी नेमकं करते काय, हे त्यांनी कधी विचारलंच नव्हतं. पत्रं मात्र शंभर लिहिली होती.

सकाळी व्यायामाच्या खोलीत गेले. सिस्टरांनी बसा म्हटलं नाही. त्या सांगत गेल्या, काका उभ्याने लिहून घेत गेले. पहिल्याच महिन्यात पोरीने एका आजींचा हात चुकीच्या बाजूने उचलला. कोणी पाहिलं नव्हतं, तरी आपण होऊन येऊन सांगितलं. पेशंट खाटेवरून उतरायच्या आधी त्याच्या चपला जिथे पाय पडेल तिथेच ठेवते. अर्धांगवायूचे एक मास्तर कोणाशी बोलत नसत, ते हिच्याशी पावलं मोजायला लागले.

टाइप करताना सवयीने काकांची बोटं वीस वर्षांकडे वळली. मागे उभ्या सिस्टर म्हणाल्या, "ते राहू द्या. मला इथे सहाच वर्षं झालीत."

सिस्टरांच्या सहीखाली डॉक्टरांचीही लागणार होती. डॉक्टरांनी पेन उघडलं आणि थांबले. नेहमीचं पत्र नव्हतं, म्हणून चक्क वाचलं. मग विचारलं, "चांगलं लिहिलंय. तुम्ही लिहिलंत?"

हो म्हणायला काकांना जीभही हलवावी लागली नसती, नुसती मान पुरली असती.

"नाही. सिस्टरांनी," काका म्हणाले.

"आणि ही मुलगी कोण?"

"माझी भाची."

"दोन वर्षं इथे येते? कधी बोलला नाहीत."

काकांनी सहीचा कागद घेतला. तो वाळवायची काहीएक गरज नव्हती, तरी त्यावर फुंकर घालत उभे राहिले.