उज्ज्वलाच्या नावापुढचा रकाना

नील आणि सई, माझी जुनी मैत्रीण विमल गेल्याचं मी तुम्हाला फोनवर दोन वाक्यांत सांगितलं होतं. परवा तिच्या स्मरणार्थ झालेल्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला जाऊन आले आणि त्या दोन वाक्यांत न मावलेली एक गोष्ट लिहून ठेवावीशी वाटली. तीत चूक माझी आहे, तेव्हा ती मीच सांगितलेली बरी.

मेहकरच्या शाळेत मी मुख्याध्यापिका होते आणि विमल चौथीची शिक्षिका. तिची मुलगी उज्ज्वला पहिलीत आली तेव्हा मुलांच्या प्रवेशाची नोंद ठेवायचं दाखल-खारीज रजिस्टर मीच भरलं. धर्माच्या रकान्यात 'हिंदू' लिहिलं, पुढे त्यांची जुनी जात. विमलचं घर बौद्ध आहे हे मला पक्कं ठाऊक होतं. दर बुद्धपौर्णिमेला मी तिच्याकडे खीर खात असे. पण त्या काळी कागदावर 'बौद्ध' आलं की अनुसूचित जातींना असलेल्या केंद्र सरकारच्या सवलती मिळत नसत. पोरीचं नुकसान नको, एवढाच माझा विचार. विमलला विचारावं, हे मात्र सुचलं नाही.

ती सही करायला आली, वाचलं आणि पेन खाली ठेवलं.

"बाई, हे कोनाचं लिहिलं?"

"उज्ज्वलाचंच. तिच्या भल्यासाठी."

"भलं तं दिसून राह्यलं. पन मले विचारलं काऊन नाही?" मग ती जराशी हसली. "खीर खातानी तं तुमाले आमचा धर्म बराबर समजते."

मी सवलतींचं समजावू लागले...

"माह्या बापानं बौद्ध होतानी ते जातीचं नाव सोडलं, तवा काय भेटन हे पायलं नाही. पोरीची नोकरी जाईन तं जाईन. खोट्यावर मी सही करत नाही."

मी तांबड्या शाईनं खोडून 'बौद्ध' लिहिलं. मग तिनं सही केली.

पुढे केंद्राच्या एका भरतीत सवलत नसल्यानं उज्ज्वला थोडक्या गुणांनी राहिली. बौद्धांनाही त्या सवलती देणारा कायदा आला तो त्यानंतर. "पाहिलंस?" असं मी विमलला म्हणाले, ही माझी दुसरी चूक. "पायलं," ती म्हणाली आणि वह्या तपासत राहिली. त्यानंतर हा विषय आम्ही दोघींनी कधी काढला नाही. उज्ज्वला आज बुलढाण्याला वकिली करते.

शाळेचं रजिस्टर आता संगणकात गेलं आहे. धर्माच्या रकान्याशी आलं की कारकून हात थांबवतो आणि समोरच्या आईबापांना विचारतो, "काय लिहू?" विमलनं सही अडवली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मी ही पद्धत लावली. ती अजून चालू आहे.